लाल बटण

बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन नातलगांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. एक माणूस डोक्यावर तारांची टोपी घालून चाकाच्या खुर्चीत बसला आहे, हात मांडीवर स्वस्थ आहेत, आणि खुर्ची आपोआप डावीकडे वळते, उजवीकडे वळते, टेबलाला वळसा घालते. खाली मजकूर असा की आता नुसत्या विचारानं खुर्ची चालते. पाठवणाऱ्या तिघांनीही पुढे जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं... "आपल्या भाच्यासाठी बघा ना."

तिघांना वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहा मामा, पण माझं नाव घालू नका. आणि रडकं लिहू नका." दोन्ही अटी मान्य केल्या. पहिली पाळणं सोपं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझी धाकटी बहीण पारनेर तालुक्यात दिलेली. २०१३ च्या मे महिन्यात, त्या भयंकर दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तिच्या धाकट्या मुलानं नेहमीसारखा विहिरीत सूर मारला. वय एकवीस. विहीर तीच, काठावरचा दगड तोच, पण पाणी नेहमीचं नव्हतं. मानेचा मणका मोडला. त्या दिवसापासून मानेखालचं शरीर त्याचं ऐकत नाही.

त्याला त्याच विहिरीत पोहायला मीच शिकवलं होतं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून, सातव्या वर्षी. सूर कसा मारायचा हेही मीच दाखवलं. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं, पण पुढचं समजायला ते लागेल म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आपल्या भागात दर उन्हाळ्यात अशी मुलं विहिरीत पडतात. तिघांनी त्याला खांद्यावर टाकून वर काढला, मान लोंबकळत होती. मान धरायची असते हे आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. मानेला मार लागला आहे अशी नुसती शंका आली तरी डोकं आणि धड एका रेषेत ठेवून, दोन्ही बाजूंनी डोकं घट्ट धरून, फळीवर किंवा दारावर आडवं घेऊन हलवायचं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे एकदाही मुलांना सांगितलं नाही. असो.

आता त्या खुर्च्यांकडे वळतो.

मानेत सात मणके असतात. त्यांतून जाणारा मज्जारज्जू कोणत्या पातळीला तुटला यावर सगळं ठरतं. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात, त्यामुळे त्याच्याही वर इजा झाली तर श्वासाला यंत्र लागतं. पाचव्यापर्यंत शाबूत असेल तर कोपर वाकवता येतं. सहाव्यापर्यंत असेल तर मनगट वर उचलता येतं, आणि मग साध्या बॅटरीच्या खुर्चीची हातापाशी असते ती दांडी कशीबशी ढकलता येते. आमच्या भाच्याचं चौथ्यावर थांबलं. श्वास स्वतःचा, मान हलते, खांदे थोडे उचलतात. हात नाहीत. एका मणक्याचा फरक म्हणजे साधारण बोटाच्या एका पेराएवढं अंतर. तेवढ्यावर बाजारातली जवळजवळ प्रत्येक खुर्ची त्याच्यासाठी बाद होते.

सरकारी साहाय्याचंही तसंच झालं. अपंगांना साधनं देण्याची केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी साधनं बनवते, आपल्याकडे त्यांची शिबिरं भरतात, आणि बॅटरीवरच्या तीनचाकी सायकली मिळून कितीतरी लोक कामधंद्याला लागले आहेत. मी स्वतः पाहिले आहेत. पण ती तीनचाकी हँडलनं चालते. शिबिरातल्या बाबूनं विचारलं, "उजवा हात चालतो का?" आम्ही म्हटलं नाही. "मग डावा?" नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं. तो उद्धट मुळीच नव्हता हो. त्याच्या फॉर्ममध्ये आमच्यासाठी रकानाच नव्हता.

बॅटरीच्या खुर्चीचा जन्म मात्र याच लोकांसाठी झाला हे वाचून मला नवल वाटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात मान मोडलेले पुष्कळ तरुण सैनिक होते. पूर्वी असे जखमी फार जगत नसत. नवी औषधं आल्यावर जगू लागले, आणि जगले तर दिवसभर करायचं काय हा प्रश्न आला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या जॉर्ज क्लाइन या अभियंत्यानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी विजेवरची खुर्ची तयार केली. म्हणजे मुळात ज्याचे हात गेले त्याच्यासाठी निघालेली वस्तू पुढे हात असलेल्यांची झाली.

हातावाचून खुर्ची चालवण्याचे मार्ग आज बरेच आहेत. सगळ्यात जुना आणि अजून खूप वापरात असलेला मार्ग म्हणजे फुंकणी. (हे नाव माझं. इंग्रजीत त्याला 'सिप अँड पफ' म्हणतात.) तोंडासमोर एक नळी असते. जोरात फुंकलं की खुर्ची पुढे, जोरात ओढलं की मागे, हळू फुंकलं की उजवीकडे, हळू ओढलं की डावीकडे. नळीतल्या हवेचा दाब यंत्र मोजतं, बस्स. ज्याची मानही हलत नाही त्याला हे वरदानच आहे. पण त्यात एक गोम आहे. सतत कोण फुंकत बसणार? म्हणून बहुतेक वेळा एकदा जोरात फुंकलं की खुर्ची चालतच राहते, थांबवायला उलटी ओढ द्यावी लागते. नेमका त्याच वेळी ठसका लागला तर? म्हणून अशा खुर्चीला वेगळं थांबवायचं बटण लागतंच. हे बटण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दुसरा मार्ग डोक्याचा. उशीच्या तीन बाजूंना तीन गाद्या असतात, मागची डोक्यानं दाबली की पुढे, बाजूच्या दाबल्या की वळण. तिसरा हनुवटीचा. हातापाशी असते तीच दांडी, पण लहान आणि हलकी, हनुवटीसमोर बसवलेली. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेत मैसम घोवानलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेवर चालणारी खुर्ची केली. जिभेला भोक पाडून त्यात लोहचुंबकाचा छोटा मणी बसवायचा, जीभ तोंडात जिथे जाईल तिकडे खुर्ची. जिभेच्या नसा मेंदूतून थेट येतात, मानेतून नाही, म्हणून मान मोडली तरी जीभ शाबूत राहते. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मान मोडलेले लोक फुंकणीपेक्षा जिभेनं सुमारे तिप्पट वेगानं काम करत होते, आणि चुकाही जास्त होत नव्हत्या. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आईला आधी विचारा. कान टोचायलासुद्धा मी लहानपणी गाव डोक्यावर घेतलं होतं."

लोक नेहमी स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण देतात. ते जानेवारी २००१ मध्ये मुंबईला येऊन गेले तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्यांची खुर्ची फार गाजली होती. पण पुढे ते गालाच्या हालचालीनं जे करत ते संगणकावर अक्षरं निवडण्याचं काम होतं, बोलण्यासाठी. खुर्ची त्यांनी वर्षानुवर्षं हातानं चालवली, हात पुरता गेला तेव्हा ती दुसऱ्यांनी चालवली. बोलणं आणि हिंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक यंत्र दोन्ही देईलच असं नाही.

बोलण्याचं, लिहिण्याचं उदाहरण हवं तर आपल्या खडकीचं आहे. हवाई दलातले मिग-२१ चे वैमानिक एम. पी. अनिल कुमार यांना २८ जून १९८८ ला पठाणकोटला मोटारसायकलचा अपघात झाला आणि चोविसाव्या वर्षी मानेखालचं शरीर गेलं. १९९० पासून ते पुण्याजवळ खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहिले. तोंडात पेन धरून लिहायला शिकले, पुढे तोंडात काडी धरून संगणक चालवू लागले, आणि पुष्कळ लिहिलं. २० मे २०१४ ला ते गेले. 'एअरबोर्न टू चेअरबोर्न' हा त्यांचा लेख आपल्या राज्याच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात होता. मी तो धडा मोठ्या उत्साहानं भाच्याला वाचून दाखवला होता, अपघाताला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मामा, मोठा माणूस आहे. पण मला रोज एकजण तरी धडा वाचून दाखवतोय. मला बाहेर ओट्यावर जायचंय."

तेव्हा मी त्याला ओट्यावर नेलं. म्हणजे साधी, ढकलायची खुर्ची होती, ती मी ढकलत नेली, कडुनिंबाखाली सावलीत नेऊन उभी केली आणि त्याचं तोंड रस्त्याकडे केलं, की येणारी जाणारी माणसं दिसतील, मन रमेल. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, "मामा, मला तिकडं तोंड करून का बसवलंत?" त्याला गोठ्याकडे बघायचं होतं, म्हैस व्यायला झाली होती. मी विचारलंच नव्हतं. अशी चार वर्षं त्या मुलाचं तोंड आम्ही सगळ्यांनी आमच्या आमच्या समजुतीनं कुठे कुठे करून ठेवलं.

२०१७ मध्ये बॅटरीची खुर्ची घेतली. साधीच, हाताच्या दांडीची. हनुवटीची परदेशी दांडी मागवायची चौकशी केली तर खुर्चीपेक्षा दांडीच महाग निघाली. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. नगरच्या एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गणितात कायम काठावर पास होणारा हा मुलगा तासभर भाच्यासमोर नुसता बसून राहिला. त्याची मान किती वळते, किती वेळ वळते, दमल्यावर कशी होते, हे बघत. मग म्हणाला, "सर, होईल. पण दोन-तीनदा बिघडेल."

त्यानं खुर्चीच्या हातावरचा दांडीचा डबा काढला आणि वाकवलेल्या पाइपावर छातीसमोर आणून बसवला. पाइप बिजागरीचा, जेवताना बाजूला फिरवता येईल असा. दांडीची मूठ काढून तिथे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मापाचं टोपण उपडं न करता बसवलं, आत स्पंज. हनुवटी त्या वाटीत टेकवायची. कंपनीच्या माणसाकडून वेग अगदी कमी करून घेतला. दांडी थोडी जड होती, पहिले आठ दिवस मान भरून येई. हे काम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावं, आम्हीही एका बाईंना दाखवून पुढे गेलो, हे आवर्जून सांगतो. उगाच आमचं वाचून कुणी घरी पाइप वाकवू नये.

फुंकणीपेक्षा याचा एक फायदा असा, की हनुवटी सुटली की स्प्रिंगनं दांडी मध्यावर येते आणि खुर्ची थांबते. भाच्याच्या अंगाला अधूनमधून पेटके येतात, शरीर एकदम ताठ होतं, तेव्हा हनुवटी आपोआप सुटते. तोटे अनेक. खुर्ची चालवताना बोलता येत नाही, बोलायला तोंड उघडलं की गाडी वाकडी. खडबडीत जमिनीवर खुर्ची हलते, खुर्ची हलली की हनुवटी हलते, हनुवटी हलली की खुर्ची आणखी हलते... आणि शिंक! पहिल्याच आठवड्यात एका शिंकेनं खुर्ची तुळशीवृंदावनावर गेली. वृंदावनाचा कोपरा अजून उडालेला आहे, बहीण दुरुस्त करू देत नाही.

अंगणातल्या कोब्यावर मी रांगोळीनं मोठा आठाचा आकडा काढून दिला. आरटीओत लायसन्सला काढायला लावतात तसा. रोज सकाळी तो आठावरून खुर्ची फिरवायचा, मी मागे हातात फूटपट्टी घेऊन. (सवय जात नाही.) पहिल्या दिवशी रांगोळीचं नुसतं पीठ झालं. तेविसाव्या दिवशी चाक न लागता पुरा आठ निघाला. त्या दिवशी त्याला शाबासकी द्यायला गेलो तर तो थांबलाच नाही, सरळ गोठ्यात गेला. म्हशीसमोर जाऊन उभा राहिला. आपण होऊन, चार वर्षांनी.

आता ते बटण. विद्यार्थ्यानं खुर्चीच्या पाठीमागे, ढकलायच्या मुठीजवळ एक लाल बटण बसवलं होतं. कारखान्यातल्या मशीनला असतं तसं, भोपळ्यासारखं फुगीर. दाबलं की बॅटरीच तुटते. काही बिघडलं, खुर्ची सुसाट सुटली तर मागच्या माणसानं दाबावं यासाठी. शहाणपणाचीच गोष्ट. पण मागचा माणूस म्हणजे आम्ही. बहीण सुरुवातीला तो फाटकाकडे वळला की दाबायची. ऊन लागेल, दाब. कुत्री भांडताहेत, दाब. पाहुणे आलेत, त्याचा शर्ट मळका आहे, दाब. वाईट हेतू कुणाचाच नाही, आणि बटण इतकं सोपं! ढकलायच्या खुर्चीत निदान आम्हाला दम तरी लागायचा.

२०१८ ची दिवाळी. त्या साली पावसानं पुन्हा दगा दिलेला. भाऊबीजेला मी गेलो होतो. दुपारी सगळे आडवे झालेले, मी ओट्यावर पेपर वाचत होतो. खुर्चीच्या मोटारीचा आवाज आला. बघतो तर हा फाटकातून बाहेर पडून मळ्याच्या वाटेला लागलेला. मी चप्पल न घालता मागे निघालो. हाक मारली नाही. वाट पुढे दोन फुटते, एक कांद्याच्या चाळीकडे, एक विहिरीकडे. तो विहिरीच्या वाटेला वळला.

विहिरीला कठडा तीनच बाजूंनी आहे. मी धावलो आणि लाल बटण दाबलं.

खुर्ची जागच्या जागी थांबली. त्यानं मान मागे वळवायचा प्रयत्न केला, तेवढी वळत नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, तुम्ही आहात ना?" मी हो म्हटलं. "बंद केलंत. आता ढकला." बॅटरीची खुर्ची अशी ढकलता येत नाही, मोटारी चाकांना धरून ठेवतात. दोन्ही चाकांपाशी एकेक खटका असतो, तो वाकून सोडवावा लागतो. मी गुडघ्यावर बसून खटके शोधत होतो आणि तो आभाळाकडे बघत होता. मग ते सगळं धूड ढकलत घरी आणलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते तुम्हाला कळलंच असेल. ते त्यालाही कळलं होतं, आणि तेच त्याला लागलं. आठवडाभर खुर्ची चालूच केली नाही त्यानं. पाइप बाजूला फिरवून ठेवायला सांगायचा. मग एक दिवस आईच्या फोनवरून माझ्या त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं, परस्पर. उजव्या कानशिलापाशी एक बटण बसवून घेतलं, डोकं टेकवलं की खुर्ची बंद. आणि मागचं लाल बटण काढून टाकायला सांगितलं. विद्यार्थी हुशार, म्हणाला मी सरांना विचारल्याशिवाय काढणार नाही. मला फोन आला. मी म्हटलं, काढायचं नाही. बहिणीलाही हायसं वाटलं. "दादा, तू सांगितलंस ते बरं झालं, माझं तो ऐकत नाही."

पंधरा दिवस या बटणावरून घरात वाद चालला. एकदा तो मला म्हणाला, "मामा, तुमच्या मोटारसायकलला मागं असं बटण लावून देऊ का? मामींच्या हातात?" मी म्हटलं माझं वेगळं आहे. "काय वेगळं आहे?" मला सांगता आलं नाही, म्हणजे खरं ते सांगता आलं नाही. शेवटी तोडगा त्यानंच काढला. बटण राहू द्या, यंत्र बिघडलं तर हवंच. पण दाबण्याआधी मला विचारायचं. मी नाही म्हटलं तर दाबायचं नाही. उत्तर द्यायच्या अवस्थेत नसलो तर खुशाल दाबा. बहिणीनं देवासमोर कबूल केलं. मीही केलं.

जानेवारीत मी परत गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, विहिरीवर चाललोय. येताय?" मी बरोबर गेलो. जांभळीपाशी त्यानं मला थांबायला सांगितलं, मी थांबलो. तिथून विहीर वीस पावलं असेल. तो कठड्याच्या बाजूला गेला आणि थांबला. माझे दोन्ही हात मी पाठीमागे धरून ठेवले होते. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मग खुर्ची वळली, परत आला, हनुवटी वाटीतून काढून म्हणाला, "आप्पांना सांगा, फुटबॉल उघडा पडलाय. मोटार कोरडी चालली तर जळेल." (पाण्यातल्या फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात.) दाजींना गुडघेदुखीमुळे रोज विहिरीवर जाणं होत नव्हतं, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

परत येताना अर्ध्या वाटेत त्यानं खुर्ची थांबवली. "तेव्हा पाणी कुठं होतं ते बघायचं होतं मला," म्हणाला. "त्या पांढऱ्या दगडाच्या खाली होतं. वरून कळत नाही मामा. कुणालाच कळलं नसतं." आणि खुर्ची चालू केली. मी मागून चालत आलो.

आता त्या व्हिडिओबद्दल. तो खरा आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाचे होसे मियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम, २०२२ च्या शेवटी प्रसिद्ध झालं. हातपाय गेलेल्या तीन माणसांना त्यांनी काही महिने शिकवलं. दोन्ही हात हलवतोय अशी कल्पना केली की खुर्ची डावीकडे, दोन्ही पाय हलवतोय अशी कल्पना केली की उजवीकडे. डोक्यावरच्या टोपीतून मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लहरी टिपायच्या. कवटी उघडायची गरज नाही. त्यांचा निष्कर्ष मला शिक्षक म्हणून फार आवडला. यंत्रानं माणूस ओळखायला शिकणं पुरत नाही, माणसालाही शिकावं लागतं, त्याच्या मेंदूतल्या लहरीच सरावानं स्पष्ट होत जातात. तिघांपैकी दोघांची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी झाली. तिसऱ्याची विशेष झाली नाही. व्हिडिओत बहुधा पहिले दोघे दिसतात, माझं मन मात्र त्या तिसऱ्यात अडकलं. किती सकाळी त्यानं आपले न हलणारे हात मनात हलवले असतील!

पण एक गोष्ट व्हिडिओत सांगत नाहीत. ती खुर्ची अडथळे स्वतः ओळखून स्वतः टाळते. माणूस फक्त दिशा सुचवतो. विचार ओळखायला वेळ लागतो, चुका होतात, म्हणून यंत्राला थोडं शहाणपण द्यावंच लागतं. नळीवर, जिभेवर, डोळ्यांवर चालणाऱ्या खुर्च्यांनाही आता असे संवेदक बसवण्याचे प्रयोग चालू आहेत. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न, "तिला विहीर अडथळा वाटंल का?" मी म्हटलं वाटेलच, वाटायलाच पाहिजे. "मग किती लांब थांबवंल?" यावर मी काही बोललो नाही. दुसरा प्रश्न, "ती टोपी घालून कांदे निवडायला आलेल्या बायकांपुढून जायचं का मी?" आणि हसला.

तेव्हा नातलगहो, व्हिडिओबद्दल आभार, पण तूर्त त्याला विचारावर चालणारी खुर्ची नको आहे. जे हवं आहे ते असं. फाटकापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर तीन फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी, कारण पावसाळ्याचे चार महिने चाकं चिखलात रुततात. आणि खुर्चीला नव्या बॅटऱ्या, जुन्या आता तासाभरात बसतात. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला आहे. खुर्चीच्या पाइपावर फोन लावला आहे, तो मराठीत बोलून फोन लावतो आणि मोटार चालू-बंद करतो. रात्रीची थ्री फेज असली की दीड-दोनला जागा राहून पाणी देतो, दाजी झोपतात. रोज सकाळी विहिरीवर जाऊन पाणी किती खाली गेलं ते बघून येतो आणि दगडांच्या थरांवरून सांगतो, सहावा थर, सातवा थर.

बहीण अजूनही जांभळीपर्यंत मागे जाते. सरपण गोळा करायला म्हणून.

काँक्रीटसाठी गवंड्याकडून अंदाज मागवला आहे. आला की ज्यांनी विचारलं आहे त्यांना कळवतो.